साखळीचा संडास आणि किकवीची मोट

भोरला आमच्या गल्लीत साखळीचा संडास पहिल्यांदा आला तो आमच्याच घरी. मी नवी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा तो नुकताच बसला होता. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. हे पुण्याला नोकरीला होते आणि तिथं बिऱ्हाडाला खोली मिळेपर्यंत मी भोरला सासूसासऱ्यांजवळ राहायचं असं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळच्या सर्व्हिस मोटारीनं हे यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघंच, आणि पाणी भरायला, लाकडं फोडायला उत्रोलीचा एक गडी.

माझे सासरे संस्थानच्या कोर्टात वकील होते. मी त्यांना मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. कोर्टात ते पुष्कळ बोलत असतील, पण घरी त्यांचा आवाज क्वचित ऐकू यायचा. काही मनात आलं की गप्प राहायचे, आणि ती गोष्ट करून मोकळे झाले की मग घरच्यांना कळायचं. संडासाचंही तसंच झालं.

ती हकीकत मला सासूबाईंनी सांगितली. माझ्या लग्नाच्या आधीच्या श्रावणातली. परसाच्या मागच्या बोळातून मैला उचलायला एक बाई यायची. सगळ्या गल्लीची घरं तिच्याकडेच होती. त्या दिवशी पावसानं बोळ शेवाळलेला होता आणि आमच्या मागच्या दारातून भरली टोपली घेऊन निघताना तिचा पाय घसरला. मामंजी विहिरीवर दात घासत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत ती पडली आणि टोपली तिच्या अंगावर रिकामी झाली. मामंजींनी विहिरीतून पाणी शेंदलं आणि स्वतः तिच्या अंगावर घागरी ओतल्या. ती सारखी म्हणत होती की मालक, तुमी नका, लोक बघत्यात. मामंजी थांबले नाहीत. मग अंघोळ करून न जेवता कोर्टात गेले.

पुढच्याच महिन्यात ते पुण्याहून चिनी मातीचं एक भांडं मांडीवर धरून मोटारीतून उतरले. मागोमाग बैलगाडीतून लोखंडी टाकी आली, नळ आले, आणि एक मिस्त्री आला. परसात विहिरीपासून लांब खोल खड्डा बांधला गेला. न्हाणीघराच्या छपरावर एक पिंप चढवलं. गड्यानं रोज सकाळी विहिरीचं पाणी शेंदून, शिडीवरून ते पिंप भरायचं. पिंपातलं पाणी नळीनं संडासातल्या टाकीत उतरायचं आणि टाकी भरली की आपोआप थांबायचं. साखळी ओढली की एकदम सगळं पाणी धो धो करून खाली. लग्नानंतर मी पहिल्यांदा ती साखळी ओढली तेव्हा दचकून बाहेरच पळाले होते. किकवीला आमच्या घरी असलं काही नव्हतं. आम्ही रानात जाणारी माणसं.

सासूबाईंनी मात्र तो संडास वापरायचा नाही असं ठरवलं होतं. घरातल्या घरात इतकं पाणी ओतून कसला आलाय शहाणपणा, असं त्यांचं म्हणणं. पहाटे उजाडायच्या आत गल्लीतल्या दोघीतिघींबरोबर त्या नदीकडे जायच्या. जुनी टोपलीची जागा होती तेव्हाही जायच्याच. मला वाटतं, त्यांना त्या जाण्यायेण्यातल्या गप्पा सोडवत नव्हत्या. दिवसभरात बायकांना मोकळं बोलायला तेवढाच वेळ मिळायचा. पुढं मीही काही दिवस त्यांच्याबरोबर गेले. नीरेवरचा गार वारा, पायाखालची ओली माती आणि अंधारात एकमेकींना दबक्या आवाजात सांगितलेल्या गोष्टी. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा दीर बायकोशी बोलत नाही. आजही ते आठवलं की मला त्या बायकांचे चेहरे आठवत नाहीत, नुसते आवाज आठवतात.

दिवाळी, संक्रांत, शिमगा, सगळं नीट पार पडलं. चैत्रात टाकी बिघडली.

आधी नुसता आवाज यायला लागला. कोणीतरी दातांतून वारा सोडावा तसा, बारीक, सतत. टाकी भरून वाहायची, तरी पिंपातलं पाणी यायचं थांबेना. जादा पाणी बाहेर जायला टाकीला एक नळी होती, ती भिंतीतून शेजारच्या परसात निघालेली. मिस्त्रीनं ती तिकडे का काढली देव जाणे. एरवी तिच्यातून थेंबही पडत नसे. आता धार लागली. शेजारच्या काकूंनी त्याच भिंतीशी बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या. दुपारी त्या भिजलेली कुरडई हातात घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. रागानं बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. संडासाच्या पाण्यानं भिजलेल्या कुरडया आता कोणी खायच्या, एवढंच त्यांनी विचारलं. टाकीतलं पाणी विहिरीचंच असतं, स्वच्छ असतं, हे मामंजींनी समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि त्या सगळ्या कुरडया गाईपुढं टाकल्या.

खरी पंचाईत पाण्याची होती. चैत्रात विहीर खाली गेलेली. गड्यानं सकाळी भरलेलं पिंप दुपारपर्यंत कोरडं व्हायचं. तो पुन्हा भरायचा, ते संध्याकाळपर्यंत संपायचं. एक दिवस दोर गुंडाळता गुंडाळता तो मला म्हणाला की वहिनी, हे पानी मी कुनासाठी भरतोय तेच कळंना. भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस आले होते, आता तो उत्रोलीला जाणार होता.

मामंजींनी पुण्याच्या दुकानात कळवलं. लग्नसराईत मिस्त्री मोकळे नाहीत, पावसाळ्याच्या तोंडावर पाठवू, असं उत्तर आलं. मग एका सकाळी कोर्टाला जायच्या आधी मामंजींनी धोतर वर खोचलं आणि ते स्वतः शिडीवर चढले. टाकीत एक तांब्याचा पोकळ गोळा तरंगत होता, त्याला पितळेची दांडी. पाणी चढलं की गोळा वर येणार आणि दांडी नळीचं तोंड दाबून धरणार, इतकं त्यांना मिस्त्रीचं काम बघून कळलं होतं. नळीचं तोंड पुरतं दाबलं जात नाही म्हणून त्यांनी दांडी जोरानं वाकवली. धार दुप्पट झाली. चिडून उतरताना त्यांचा पाय शेवटच्या पायरीवरून सुटला आणि घोटा मुरगळला.

पाय सुजून हा एवढा झाला. हाडवैद्यानं आंबेहळद लावून फडकं बांधलं आणि पाय टेकवायचा नाही असं सांगितलं. मामंजींचं अंथरूण ओसरीवर आलं. आता आमच्यासारखं नदीकडे जाणं त्यांना शक्यच नव्हतं. पिंपाच्या नळीची चावी वर छपराशी होती, दर वेळी शिडी लावून ती सोडणं-बंद करणं जमेना, म्हणून ती बंदच करून ठेवली. गडी त्यांना खांद्याचा आधार देऊन संडासापर्यंत नेई आणि मी बादल्या ओतत असे. पण बादलीच्या पाण्याला साखळीच्या पाण्याचा जोर नसायचा. भांडं तुंबायला लागलं. वास यायला लागला. गल्लीत बोललं जात होतंच, आता आमच्या कानावर येईल असं बोललं जाऊ लागलं.

त्या शनिवारी हे आले. सगळं बघितलं आणि जेवताना म्हणाले की मिस्त्री येईपर्यंत जुनी जागा पुन्हा सुरू करू. चार विटा रचल्या की झालं. बाईला निरोप द्यायचा, ती काय नाही म्हणणार आहे? ह्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. घरात आजारी माणूस, दोन बायका, गडी निघालेला. दुसरा मार्ग मलाही दिसत नव्हता. सासूबाई ताकाची वाटी पुढं करत म्हणाल्या की मी आधीपासून सांगत होते. मामंजींना जेवणाचं ताट ओसरीवर दिलेलं होतं. त्यांनी ऐकलं असणार, कारण मी ताट उचलायला गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि भाताला हात लावलेला नव्हता.

बाईला निरोप द्यायची वेळच आली नाही. गड्याकडून तिला कळलं असावं. सोमवारी, हे पुण्याला गेल्यावर, दुपारी ती मागच्या दाराशी आली. संडास झाल्यापासून तिचं आमच्याकडे काम उरलं नव्हतं, तरी मामंजींनी तिचा दाणागोटा चालू ठेवला होता, म्हणून ती अधूनमधून येऊन परस झाडून जायची. त्या दिवशी तिच्या हातात झाडू नव्हता. दाराबाहेरच उभी राहिली. सासूबाई विहिरीच्या कट्ट्यावर भांडी पालथी घालत होत्या आणि मी त्यांच्याजवळ.

ती म्हणाली, "बाई, मालकांचा पाय कसा हाय?"

सासूबाईंनी बरा आहे म्हणून सांगितलं. ती जाईना. मग पदर सारखा करत म्हणाली, "टोपली पुन्यांदा चालू करनार म्हनत्यात. तुमी सांगितलं तर म्या उचलीन, मला न्हाई म्हनता यायचं न्हाई. पन एक घर कमी झालंय, बाई. तेवढं एक घर कमीच ऱ्हाऊ द्या."

एवढं बोलून ती वळली आणि बोळातून निघून गेली.   ज्या घरात सासूबाई सून म्हणून आल्या त्या घराच्या मागच्या दारात ती बाई आणि तिच्या आधी तिची सासू वर्षानुवर्षं येत होती. पण सासूबाईंशी ती इतकं बोलली असेल ती बहुधा पहिल्यांदाच.

मग सासूबाईंनी हातातलं पातेलं ठेवलं आणि मला म्हणाल्या, "पदर खोच. शिडी आण."

मी शिडी धरली आणि सासूबाई नऊवारीचा काष्टा घट्ट करून वर चढल्या. ओसरीवरून मामंजींनी विचारलं की काय चाललंय. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही पडल्या पडल्या फक्त सांगा, आधी काय काढायचं ते. मग मामंजी ओसरीवरून सांगत, मी मधल्या दारात उभी राहून ते संडासाकडे ओरडून पोचवत असे आणि पुन्हा धावत जाऊन शिडी धरत असे. गोळा काढला, खिळा काढला, दांडी काढली. नळीच्या तोंडातून अंगठ्याएवढी पितळेची खुंटी निघाली. तिच्या टोकाला चामड्याची चकती बसवलेली होती, ढब्बू पैशाहून लहान. ती चकती कुरतडल्यासारखी झाली होती. सासूबाईंनी ती तळहातावर घेऊन मामंजींना नेऊन दाखवली. मामंजी उठून बसले. ते म्हणाले की हीच. बाकी सगळं ठीक आहे, पाणी अडवायचं काम हिचं.

मामंजींच्या जुन्या बुटाची जीभ कापून सासूबाईंनी नवी चकती केली. दांडी विहिरीच्या कट्ट्यावर ठेवून, वर फडकं धरून ठोकून सरळ केली. सगळं बसवून पिंपाची चावी सोडली. टाकी भरली आणि आवाज थांबला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. पण दिवेलागणीला आवाज पुन्हा सुरू झाला. चकती काढून बघितली तर बुटाचं पातळ चामडं भिजून कानासारखं वळलं होतं.

सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, मोटेचं चामडं असतं तर नसतं वळलं." माझ्या माहेरी किकवीला मळ्यात मोट होती. दिवसभर पाण्यात बुडायची, तरी तेल पाजलेलं तिचं चामडं वर्षं न् वर्षं टिकायचं. फाटली तर माझे वडील जुन्या मोटेचा तुकडा लावून शिवून घ्यायचे. सासूबाई म्हणाल्या, मग माग की एक तुकडा.

दुसऱ्या दिवशी गड्याच्या हाती मी मोटारवाल्याला निरोप दिला. भोरची मोटार कापूरहोळपर्यंतच आमच्या वाटेची. तिथून ती पुण्याकडे वळायची. म्हणून निरोप कापूरहोळला साताऱ्याकडे जाणाऱ्या मोटारीवर चढला आणि किकवीला उतरला. निरोप इतकाच होता की जुन्या मोटेच्या चामड्याचा तळहाताएवढा तुकडा पाठवा.

दोन दिवसांनी दुपारी गल्लीत गलका झाला. बघते तर माझे वडील पुढं, आणि त्यांच्यामागं मोटारीचा क्लीनर डोक्यावर एक अख्खी मोट घेऊन. मोटारीच्या टपावर बांधून आणलेली. वाळून कडक झालेलं ते काळं धूड आमच्या अंगणात टेकवलं तेव्हा दारादारांतून बायका बाहेर आल्या होत्या. वडिलांनी फेटा सारखा केला, मामंजींना रामराम घातला आणि म्हणाले, "आमी म्हनलं, वकीलसाहेबांनी मळा घ्येतला. नवी मोट शिवून हुईस्तवर ही चालंल. जुनी हाय, पन लई पानी काढलंय हिनं."

निरोपातला तुकडा कापूरहोळला कुठंतरी गळून पडला होता, मोट तेवढी पोचली होती.

मी तोंडाला पदर लावला. सासूबाईंना वडिलांसमोर कसं सांगावं कळेना. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं, संडासाचं, चकतीचं, बुटाच्या जिभेचं. वडील ऐकत राहिले. मग मोटेकडे बघून खाली मान घालून म्हणाले की येवढ्याश्या चकतीसाठी येवढी मोट, म्हंजी लईच झालं. आणि मामंजी हसायला लागले. पाय मुरगळल्यापासून ते हसले नव्हते. खरं तर मी त्या घरात आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग वडीलही हसले. सासूबाई आत गेल्या आणि मला चुलीपाशी त्यांच्या हसण्याचा आवाज आला.

वडिलांनी मोटेच्या तळाचं चांगलं जाड चामडं बघून तुकडा कापला. तो करंजाच्या तेलात मुरायला टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वतः चकती कापली. ती जाड झाली, दांडी वर येईना; मग त्यांनी ती पाट्याच्या दगडावर घासून घासून पातळ केली. मामंजींनी ती बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, बसव आता. या वेळी शिडी वडिलांनी धरली होती. विहीणबाई शिडीवर आणि व्याही खाली शिडी धरून, हे दृश्य त्या काळात बघायला मिळणं कठीण. वडिलांनी सबंध वेळ नजर विहिरीकडे ठेवली होती.

चावी सोडली. टाकी भरत गेली, गोळा वर आला आणि पाणी थांबलं. आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. मामंजींनी ओसरीवरून विचारलं की काय झालं. मी सांगितलं की काहीच ऐकू येत नाही. ते म्हणाले, मग झालं.

संध्याकाळपर्यंत काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पिंप दिवसभर पुरलं. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून बघून नळी कोरडी असल्याची खात्री करून घेतली आणि बाज पुन्हा तिथंच टाकली. वडील जेवून, मोट परत मोटारीच्या टपावर बांधून किकवीला गेले. जाताना मला एकटीला गाठून म्हणाले की निरोप आला तेव्हा त्यांना आधी वाटलं होतं, मला काही कमी पडतंय आणि मी आडून सांगतेय. म्हणून स्वतः आले होते. मग सासूबाईंकडे हात करून म्हणाले, "तुजी सासू चांगली हाय. तिला जप." आणि मोटारीत चढले.

त्यानंतर आठवड्याभरानं मी भाजी निवडत होते. मामंजी ओसरीवर वाचत पडलेले. गडी सकाळी पिंप भरून उत्रोलीला गेलेला. आणि संडासातून साखळी ओढल्याचा, धो धो पाणी पडल्याचा आवाज आला. मामंजींनी पुस्तकावरून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.  सासूबाई हातपाय धुऊन आत आल्या आणि मेथीची जुडी ओढून माझ्यासमोर बसल्या, कोवळी नाही मेथी, असं म्हणाल्या. पहाटे नदीवर जाणं त्यांनी अगदीच सोडलं नाही. पण मग ते नुसतं जाणं राहिलं, फिरून येण्यापुरतं.

ती बाई पावसाळ्यात एकदा परस झाडायला आली तेव्हा सासूबाईंनी तिला मागच्या दारातून आत बोलावलं आणि संडास दाखवला. साखळी तिच्या हातात दिली. ती आधी घ्यायला तयार नव्हती. मग तिनं ओढली, पाणी जाताना वाकून बघितलं आणि टाकी पुन्हा भरून थांबेपर्यंत तिथंच उभी राहिली. सासूबाईंनी तिला किकवीच्या मोटेची गोष्ट सांगितली. दोघी हसल्या. हसताना दोघींनीही पदर तोंडाला लावला होता.

पुढच्या वर्षी शेजारच्या काकूंनीही साखळीचा संडास बसवून घेतला आणि टाकीनं आवाज केला की त्या भिंतीवरून सासूबाईंना हाक मारू लागल्या. सासूबाई करंजाच्या तेलात ठेवलेल्या चकत्यांची डबी घेऊन जायच्या. मी बरोबर असायची, शिडी धरायला. काम झालं की काकू चहा द्यायच्या आणि आम्ही त्यांच्या परसात सावलीला बसून बोलत राहायचो. लग्नाआधी मला सासूची फार भीती घातलेली होती. त्या सावलीत बसून मी सासूबाईंना माझ्या आईच्या आठवणी सांगितल्या, त्यांनी मला त्यांच्या गेलेल्या मुलीबद्दल सांगितलं, जिच्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे.

मग ह्यांना पुण्याला खोली मिळाली. मी निघाले त्या सकाळी मामंजी काठी टेकत मोटारीपर्यंत आले. सासूबाई आल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की तिकडं नळ चोवीस तास असतो म्हणे, पाणी जपून वापर. पुण्याला गेल्यावर कितीतरी दिवस संध्याकाळी मला भोरची ओसरी आठवायची, आणि मी भाजी निवडता निवडता कोणाशी तरी बोलायला मान वर करायची.